काट्यावरची मुलं

अपघात विभागाच्या दारातून मूल आत आलं की पहिला प्रश्न 'काय झालं' असतो आणि लगेच दुसरा, 'वजन किती?' लहान मुलांचं औषध किलोवर ठरतं. तापाला पॅरासिटामॉल किलोमागे 15 मिलिग्रॅम. जुलाबानं पार गळून गेलेल्या मुलाला सलाईन किलोमागे 100 मिलिलिटर, आणि ते किती तासांत द्यायचं ते वय पाहून. आकडीचं औषध कमी पडलं तर आकडी थांबत नाही, जास्त झालं तर श्वास मंदावतो. म्हणून बालरुग्ण विभागात नोकरी केलेल्या प्रत्येकीच्या हाताला काट्याची सवय लागते. मला ती ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला लागली, नाशिककडच्या एका सरकारी रुग्णालयात. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी ती गेलेली नाही. बसमध्ये शेजारच्या बाईच्या मांडीवर बाळ दिसलं तरी मनात आधी आकडा येतो.

आमचा काटा खोलगट पत्र्याच्या ताटाचा होता. दांडीवर दोन वजनं असायची, एक किलोचं, एक ग्रॅमचं. ती बोटानं सरकवायची आणि दांडी स्थिर होईपर्यंत थांबायचं. थंडीत ताट इतकं गार पडायचं, की आधी फडकं अंथरायचं, मग शून्य लावायचं आणि मग बाळ ठेवायचं. बाळ रडत असलं की दांडी डुलत राहायची. तळवा अंगाला न लावता वर धरायचा, तोंडानं काहीबाही बोलत राहायचं आणि रडणं ओसरलं की पटकन आकडा टिपायचा. चालत्या मुलांसाठी उभा काटा होता, पण आजारी मूल त्यावर उभं राहत नाही. मग आईला मुलासकट उभं करायचं, नंतर एकटीला, आणि वजाबाकी करायची. त्या वजाबाकीत आईचंही वजन कळायचं. 38 किलो, 39 किलो. कडेवर दोन वर्षांचं पोर, सात किलोचं. तो आकडा केसपेपरवर लिहायला जागा नव्हती, पण लक्षात राहायचा.

वजन करायला बायका घाबरायच्या. "सिस्टर, मोजू नका ओ त्याला, दृष्ट लागंल." आमच्या मोठ्या सिस्टरांनी यावर कधी वाद घातला नाही. टेबलाच्या खणात त्यांनी काजळाची डबी ठेवली होती. आधी बाळाच्या गालाला तीट लावायची, मग बाळ काट्यावर. आईचा जीव खाली पडायचा आणि आमचं काम व्हायचं. माणसाला कमी न लेखता त्याच्याकडून हवं ते करून घेण्याची ही रीत मी त्यांच्याकडून शिकले.

काटा हाताशी नसला, मूल आकडीतच आलं, तर वय विचारून अंदाज करायचा. ते गणित आमच्या तोंडावर होतं. जन्माचं वजन पाचव्या महिन्यात दुप्पट, वर्षाला तिप्पट, दोन वर्षांना चौपट. पहिल्या वर्षापासून सहाव्यापर्यंत वयाची दुप्पट अधिक आठ. म्हणजे चार वर्षांचं मूल 16 किलोचं. पण आमच्या दारात येणारं चार वर्षांचं मूल 11 किलोचं असायचं, कधी 10. गणितावर विसंबून औषध दिलं तर दीडपट जायचं. म्हणून मोठ्या सिस्टर सांगायच्या, गणित करा, पण मुलाचा दंड चिमटीत धरून पाहा आणि मग सिरिंज भरा.

पावसाळा लागला की उलट्या-जुलाबांची रीघ लागायची. पेठ, सुरगाणा, हरसूलकडून माणसं एसटीनं यायची, एसटी चुकली तर ट्रकच्या केबिनमधून. मूल टॉवेलात गुंडाळलेलं, डोळे खोल गेलेले, टाळू बसलेली. पोटाच्या कातडीची चिमटी घेतली तर सुरकुती तशीच राहायची. ही सगळी लक्षणं अंगातलं पाणी तुटल्याची, आणि त्यावर उतारा म्हणजे भराभर सलाईन. मात्र यात एक मोठा फसवा भाग होता. सुकटी झालेल्या मुलाचे डोळे एरवीही खोल असतात. कातडीखालची चरबी संपलेली असल्यामुळे चिमटीची सुरकुती एरवीही लगेच मोडत नाही. पाणी तुटलेलं मूल आणि महिनोन्महिने उपाशी राहिलेलं मूल वरून सारखंच दिसतं. उपाशी मुलाचं काळीज इतकं अशक्त झालेलं असतं, की भराभर गेलेलं पाणी त्याला पेलवत नाही आणि फुप्फुसात उतरतं. त्या काळात अशी मुलं ठिकठिकाणच्या वॉर्डांत दगावली. तीव्र कुपोषित मुलाला सलाईन शक्यतो लावूच नका, पाणी तोंडानं सावकाश द्या, आधी अंग गरम ठेवा आणि रक्तातली साखर सांभाळा, हे जागतिक आरोग्य संघटनेनं 1999 च्या पुस्तिकेत पायरीपायरीनं लिहून दिलं. त्यानंतर चित्र पालटायला लागलं.

तोवर आम्हाला भरवशाचा आधार एकच होता, मुलाचं आधीचं वजन. ते अंगणवाडीच्या कार्डावर असायचं. एकात्मिक बालविकास योजना 2 ऑक्टोबर 1975 ला देशातल्या 33 प्रकल्पांपासून सुरू झाली आणि हळूहळू डोंगरातल्या पाड्यांपर्यंत अंगणवाडी गेली. ताई झाडाच्या फांदीला किंवा घराच्या आढ्याला साल्टरचा गोल स्प्रिंगकाटा टांगायची. त्याला कापडी चड्डी लटकवलेली, त्यात मूल बसवायचं आणि तबकडीवरचा आकडा कार्डावरच्या वक्ररेषांमध्ये ठिपक्यानं मांडायचा. ज्या बाईला वाचता येत नव्हतं तिलाही तो ठिपका कळायचा. रेघ वर चालली आहे, आडवी पडली आहे की खाली आली आहे, एवढं पाहायला अक्षरओळख लागत नाही. प्लास्टिकच्या पिशवीत, रेशनकार्डाच्या शेजारी ते कार्ड ठेवलेलं असायचं आणि दवाखान्याला निघताना बहुतेकजणी ते आठवणीनं बरोबर घ्यायच्या.

ते कार्ड केसपेपरशेजारी ठेवलं की अर्धी शंका फिटायची. मागच्या महिन्यात 8 किलो 200 ग्रॅम, आज 7 किलो 500. म्हणजे 700 ग्रॅम पाणी गेलंय, वजनाच्या साडेआठ टक्के. ॲडमिट करा, पाणी भरून काढा. आणि मागचे तीन महिने वजन साडेसातावरच अडलेलं असेल, तर खोल गेलेले डोळे जुने आहेत, हे सुकटीचं मूल आहे. यालाही ॲडमिट करायचं, पण याचा उपचार निराळा आणि फार सावकाशीचा. दाखल कुणाला करायचं आणि कुणाला मीठ-साखर-पाणी शिकवून घरी पाठवायचं, हा निवाडा त्या ठिपक्यांवर व्हायचा. मीठ-साखर-पाण्याचा, म्हणजे जलसंजीवनीचा प्रताप तर आमच्या पिढीनं डोळ्यांनी पाहिला. 1971 साली बांगलादेशी निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत पटकीची साथ असताना सलाईन संपलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनोबिस यांनी हे पाणी तोंडानं पाजून हजारो माणसं वाचवली. आमच्या वॉर्डात ते दहा-बारा वर्षांनी रुजलं. त्यानंतर जुलाबाच्या मुलांची दाखल होणारी गर्दी आमच्या डोळ्यांदेखत ओसरली.

अंगावर सूज असलेल्या मुलाचं वजन मात्र खोटं बोलायचं. पाय फुगलेले, गाल फुगलेले, केस तांबूस. आईला वाटायचं पोर बाळसं धरतंय. काटाही चांगला आकडा दाखवायचा, पण त्यातला बराच भाग पाण्याचा. उपचार लागू पडला की पहिले काही दिवस वजन उतरत जायचं आणि आई कावरीबावरी व्हायची. तिच्याजवळ बसून सांगावं लागे, की हे उतरतंय ते चांगलं आहे, सूज जातेय, आता खाली टेकलं की चढायला लागेल. तिला ते पटवण्यात जेवढा वेळ जायचा तेवढा आम्ही द्यायचो. वेळ होता आमच्याकडे. आज मला सगळ्यात जास्त त्याचीच आठवण येते.

वॉर्डातली रोजची सकाळ वजनानं सुरू व्हायची. तीच वेळ, तोच काटा, पहिल्या दुधाच्या आधी, कपडे काढून. कुपोषित मूल सुधारायला लागलं की किलोमागे दिवसाला 10 ग्रॅम चढावेत, ही अपेक्षा. सहा किलोच्या मुलाला दिवसाला 60 ग्रॅम. आया काट्याभोवती गोळा व्हायच्या आणि एकमेकींच्या मुलांचे आकडे पाठ करायच्या. कुणाचं 70 ग्रॅमनं वाढलं की सगळ्या वॉर्डात आनंद. कुणाचं दोन दिवस हललं नाही तर शेजारच्या खाटेवरची बाई आपल्या डब्यातली नाचणीची पेज पुढे करायची. वाटी-चमच्यानं तासातासाला भरवायचं, रात्री दोनलाही उठवून भरवायचं. ज्या मुलानं आठवडाभर मान वळवून पाहिलं नव्हतं, ते एका सकाळी काट्याचं ताट हातानं वाजवायचं. तेव्हा आकडा पाहायच्या आधीच कळायचं, की हे आता घरी जाणार.

याच काळात गावोगावी सुदृढ बालक स्पर्धा व्हायच्या. गणेशोत्सवात, महिला मंडळात, एखाद्या क्लबच्या हॉलमध्ये. गुटगुटीत, गोरंपान, मनगटाला वळ्या पडलेलं बाळ पहिलं यायचं. बक्षिसाला पुष्कळदा दुधाच्या भुकटीचा डबा. बाटलीच्या दुधाची अशी जाहिरात 1992 च्या कायद्यानं बंद झाली ते फार बरं झालं. गुबगुबीत म्हणजे निरोगी ही समजूत मात्र घराघरांत राहून गेली. आम्हालाही तेव्हा त्यात वावगं वाटत नव्हतं. जिथं निम्मी मुलं हाडकुळी, तिथं चार वळ्या पाहून डोळे निवायचेच.

त्या काळाचं प्रेम वाटतं म्हणून तो चांगला होता असं मी म्हणणार नाही. 1992 साली जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत मुलं पटापट गेली, पाठोपाठ मेळघाटातल्या मृत्यूंची बातमी देशभर झाली. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना नवजात बाळाचं वजन करायला, ऊब द्यायला, न्यूमोनिया आणि जंतुसंसर्ग ओळखायला शिकवलं. तिथल्या 39 गावांतले नवजात मृत्यू तिसऱ्या वर्षी 62 टक्क्यांनी कमी झाले. 1999 साली ते 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. 2005 मध्ये कुपोषण रोखण्यासाठी राज्याचं राजमाता जिजाऊ मिशन आलं. पुढे पोषण पुनर्वसन केंद्रं उघडली, दंडाचा घेर मोजायची रंगीत पट्टी अंगणवाडीत पोहोचली. 11.5 सेंटिमीटरच्या खाली घेर भरला की लाल. पायावर सूज नाही, न्यूमोनिया किंवा जुलाब नाही आणि भूक चाचणीत मूल नीट खातंय, तर आता गावातच उपचार होतो. भूक मेली असेल तर दाखल. 2014 च्या जानेवारीत 108 ची रुग्णवाहिका सुरू झाली आणि ट्रकच्या केबिनमधून येणं बरंच थांबलं. 2020 च्या सरकारी नमुना नोंदणीत महाराष्ट्रातला पाच वर्षांखालच्या मुलांचा मृत्युदर हजारी 18 होता. ज्यांनी जुने वॉर्ड पाहिलेत त्यांना हा आकडा वाचून गहिवरून येईल.

निवृत्तीनंतर शहरातल्या एका रुग्णालयात नव्या सिस्टरांना शिकवायला मी जाते. तिथला काटा डिजिटल आहे. बाळ हललं तरी आकडा धरून ठेवतो. भिंतीला रंगीत पट्ट्यांची लांबलचक टेप टांगलेली आहे. मूल आडवं करून टेपनं लांबी मोजली की कोणत्या रंगात टाच येते त्यावरून वजनाचा अंदाज आणि औषधाची मात्रा कळते. अमेरिकेत ब्रोझलो नावाच्या डॉक्टरांनी ही युक्ती काढली. आपल्याकडे ती जपून वापरावी लागते. 2008 साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय मुलांच्या अभ्यासात 10 किलोवरच्या मुलांचं वजन ही टेप 10 टक्क्यांहून जास्त सांगते असं आढळलं. त्याच सुमारास उलटी गोष्ट इंग्लंडात घडत होती. तिथली मुलं जाड झाल्यामुळे जुनं गणित कमी पडायला लागलं. तातडीच्या बालोपचारांच्या 2011 च्या अभ्यासक्रमात सहा ते बारा वर्षांसाठी वयाची तिप्पट अधिक सात असं नवं गणित आलं. दहा वर्षांचं मूल पूर्वी 28 किलोचं धरायचे, ते 37 किलोचं झालं. मुलांची अंगं बदलली म्हणून पुस्तकातली बेरीज बदलावी लागली.

आता आमच्याकडे दोन्ही तऱ्हेची मुलं येतात, एकाच संध्याकाळी, शेजारशेजारच्या खाटांवर. बांधकामावरच्या मजुराची तीन वर्षांची, नऊ किलोची मुलगी न्यूमोनियानं धापा टाकत येते. तिच्या शेजारी बारा वर्षांचा, 62 किलोचा मुलगा डेंग्यूच्या चौथ्या दिवशी. पहिलीच्या शिरा दिसतात पण सुई शिरताच मिटतात. दुसऱ्याच्या हातावर शीर दिसतच नाही, चाचपूनही लागत नाही. पूर्वी गुटगुटीत मूल आम्हाला सोपं वाटायचं. आज तेच गुटगुटीत मूल अवघड झालंय. डेंग्यूत रक्तातलं पाणी केशवाहिन्यांतून बाहेर झिरपतं आणि शिरेतून दिलेलं जादा पाणी छातीत साठू शकतं. म्हणून अशा मुलाचा हिशोब काट्यावरच्या वजनानं करत नाहीत, त्या उंचीला जे वजन असायला हवं त्यानं करतात. 62 किलो धरले तर दिवसाचं नेहमीचं पाणी 2340 मिलिलिटर होतं, 40 धरले तर 1900. जवळजवळ साडेचारशे मिलिलिटरचा हा फरक त्या चोवीस तासांत जिवाशी येऊ शकतो. दम्याचंही तसंच. जाड मुलाचा अटॅक वाफेच्या पहिल्या दोन-तीन फेऱ्यांत मोकळा होईल याची खात्री कमी वाटते, निरीक्षणाचा काळ लांबतो. रात्री घरी गेलं असतं ते मूल दाखल होतं.

पूर्वीच्या आईची तक्रार होती, पोर अंगी लागत नाही. आजच्या आईची तक्रार असते, डॉक्टर, हा काही खातच नाही. आणि पिशवीतून पाच रुपयांचं चटपटीत पाकीट डोकावत असतं. मी तिला बोल लावत नाही. घर दोन खोल्यांचं, सोसायटीच्या आवारात गाड्या उभ्या, शाळेतून आलं की शिकवणी, मैदान म्हणावं असं जवळपास काही नाही, आणि ती स्वतः दिवसभर कामावर. मला जास्त लागतं ते हे, की तेच पाकीट मजुराच्या नऊ किलोच्या मुलीच्याही हातात असतं. भूक मारायला स्वस्त, आणि अंगाला काही न देणारं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या कमी वजनाच्या मुलांचं प्रमाण 2015-16 मध्ये 36 टक्के होतं, 2019-21 मध्ये 36.1. जागचं हललं नाही. त्याच काळात जास्त वजनाच्या मुलांचं 1.9 वरून 4.1 झालं. एकीकडचं काम पुरं व्हायच्या आत दुसरीकडचं अंगावर आलं.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी याची मुळं फार आधी दाखवून ठेवली आहेत. 1993 पासून पुण्याजवळच्या खेड्यांतल्या गरोदर बायकांचा आणि त्यांच्या बाळांचा त्यांनी अभ्यास केला. तिथलं बाळ जन्मतः सरासरी 2.7 किलोचं, इंग्लंडातल्या साउथॅम्प्टनचं 3.5 किलोचं. आपलं बाळ उंचीनं, स्नायूंनी, अवयवांनी लहान, पण कातडीखालची चरबी मात्र जवळजवळ तेवढीच राखून आलेलं. दिसायला बारीक आणि आतून चरबीदार. पुढे सहज मिळणारं गोडधोड आणि तळलेलं सुरू झालं, की मधुमेहाची वाट याच अंगातून जाते. हे वाचल्यावर मला आमच्या उभ्या काट्यावरच्या त्या आया आठवल्या, 38 किलोच्या. केसपेपरवर ज्या आकड्याला जागा नव्हती तो आकडा त्यांच्या लेकीसुनांच्या पोटातून पुढे चालत आला आहे.

आज वजन दाखल करताना एकदा होतं, संगणकात जातं आणि तिथंच राहतं. दोन-तीन दिवसांत डिस्चार्ज असतो, खाटा कमी, पाळीवर सिस्टर कमी. नव्या मुली हुशार आहेत, मी त्यांच्या वयात होते त्यापेक्षा कितीतरी जास्त त्यांना येतं. मी त्यांना एवढंच पुन्हा पुन्हा सांगते, की मूल खोकल्यानं आलेलं असो, पडून आलेलं असो, ताप असो, काट्यावर ठेवल्याशिवाय आत घेऊ नका, आणि आधीचं वजन विचारल्याशिवाय आईला सोडू नका.

मागच्या पावसाळ्यात एका रात्री दीड वर्षाची मुलगी आली, सकाळपासून जुलाब. तरुण निवासी डॉक्टर बाई पाळीला होत्या. सिस्टरनं काट्यावर ठेवलं, 8 किलो 900 ग्रॅम. डॉक्टर बाईंनी विचारलं, "ताई, आधीचं वजन माहीत आहे का?" आईनं मोबाइल पुढे केला. लसीच्या कार्डाचा फोटो होता, गेल्याच आठवड्यात बूस्टरच्या वेळी लिहिलेलं वजन 9 किलो 300. गेलेले 400 ग्रॅम, चार टक्क्यांच्या थोडं वर. मुलगी रडत होती तर डोळ्यांत पाणी येत होतं, वाटी दिसली की तोंड पुढे करत होती. ॲडमिट केलं नाही. चार तासांत सव्वासहाशे ते पावणेसातशे मिलिलिटर जलसंजीवनी, चमच्या-चमच्यानं, तिथंच बाकावर बसून. आईनं पाजली, मधे आजीनं पाजली. पहाटे पुन्हा काट्यावर ठेवली तर 9 किलो 200. डॉक्टर बाईंनी झिंकच्या चौदा दिवसांच्या गोळ्या लिहून दिल्या आणि म्हणाल्या, "घरी न्या. अंगावरचं दूध आणि नेहमीचं जेवण चालू ठेवा. उद्या ओपीडीत या, परत वजन करू."